माकडखाऊची चिठ्ठी

लुका चिसांगाने नाव ठेवलं नाही असा माणूस आमच्या खाणवसाहतीत शोधून सापडायचा नाही. पाद्र्याला तो भोपळा म्हणायचा, दवाखान्यातल्या नर्सबाईंना टाचणी, आणि खुद्द सासूला जे म्हणायचा ते मी इथे सांगत नाही, कारण म्हातारी अजून खमकी आहे आणि तिचे कान तिखट आहेत. दिसायला एवढासा. पाय बाकदार, छाती मात्र पिंपाएवढी, आणि आवाज असा की चर्चमध्ये त्याला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसवायचे, तरी पाद्र्याच्या आधी त्याचंच 'आमेन' ऐकू यायचं. तांब्याच्या खाणीत तो टेकू लावायचा. पुढचे लोक दगड फोडत गेले की मागून ह्याने लाकडाचे खांब उभे करायचे, वर आडवं लाकूड ठोकायचं आणि छताला म्हणायचं, थांब बाबा. बावीस वर्षं छताने त्याचं ऐकलं.

त्या बावीस वर्षांत त्याच्या पुढे दगड फोडायला असायचा येसाया शोंगा. हा ताडमाड उंच, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, चर्चचा वडीलधारा, म्हणजे पाद्र्याच्या खालोखाल मानाचा. शोंगा न्गोनी आणि चिसांगा बेम्बा. आमच्याकडे एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे, म्हणून सांगतो. ह्या दोन जमातींच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले. मग कधीतरी ते दमले आणि त्यांनी ठरवलं की आता भाल्याऐवजी जीभ चालवायची. तेव्हापासून हे थट्टेचे सोयरे. सोयऱ्याने सोयऱ्याला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या ताटातला मासा उचलावा, चारचौघांत त्याची अब्रू काढावी, आणि ज्याला राग आला तो हरला. मेल्यावर खड्डाही सोयऱ्यानेच खणायचा, तोसुद्धा मयताची नक्कल करत आणि रडणाऱ्यांना हसवत. घरच्या माणसांचे हातपाय त्या वेळी गळालेले असतात, म्हणून ही सोय.

आता न्गोनी पूर्वेकडचे, आणि ते उंदीर खातात. शेतातले, धष्टपुष्ट, भाजून वाळवलेले, चिरलेल्या काडीत डझनभर ओळीने अडकवलेले. आणि बेम्बा म्हणे माकडं खातात. ह्यातला 'म्हणे' चिसांगाचा. शोंगाला तो अजिबात मान्य नव्हता.

"काय रे उंदीरखाऊ, आज डब्यात शेपट्या किती?" खाणीच्या लिफ्टमध्ये उतरताना चिसांगा रोज विचारायचा.

"काल तुझा मामा झाडावर लोंबकळताना दिसला," शोंगा शांतपणे म्हणायचा. "तुझी चौकशी करत होता. म्हणाला, भाच्याने घर का सोडलं?"

त्यातून ह्या गोष्टीच्या आठ वर्षं आधी शोंगा चर्चचा वडीलधारा झाला आणि त्याने जाहीर करून टाकलं की आपण उंदीर सोडले, आता फक्त मासे, भाजी आणि न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. चिसांगाला हे काही पचेना. न्गोनी आणि उंदीर सोडतो? त्याने बायकोला, म्हणजे कसुबाच्या आईला, मीठ मागायच्या निमित्ताने शोंगाच्या स्वयंपाकघरात वास घ्यायला पाठवलं. एकदा नाही, दहादा. शोंगाची बायको मालिया मीठ द्यायची आणि दार लावून घ्यायची. आठ वर्षांत चिसांगाच्या घरी मीठ विकत आणावं लागलं नाही, पण पुरावा काही सापडला नाही.

मग तो मंगळवार उजाडला. सकाळचा चहा झालेला. खाणीच्या एका जुन्या, फारशा खोल नसलेल्या बोगद्यात तिघं होते, हे दोघं आणि पाइप जोडणारा मुडेंडाबाबा. मुडेंडाबाबा दक्षिणेकडचा टोंगा, वयाने मोठा, बोलणं मोजकं. त्याच्या जमातीचे थट्टेचे सोयरे वेगळे, त्यामुळे बिचारा बावीस वर्षं ह्या दोघांची वटवट फुकट ऐकत आला होता. चिसांगा एका खांबावर कान ठेवून बोटाने टकटक करत होता. लाकूड मोडण्याआधी बोलतं. ते बोललं, पण चिसांगाला ऐकू येण्याआधी पुढून शोंगा धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी चिसांगाच्या छातीवर असा दणका दिला की चिसांगा उडून मुडेंडाबाबाच्या अंगावर जाऊन पडला. मग सगळा डोंगर खाली आल्यासारखा आवाज झाला आणि दिवे धुळीने भरले.

धूळ बसायला बराच वेळ लागला. पुढचा रस्ता बंद, मागचा बंद. मध्ये पंचवीस पावलांचा बोगदा, तोही वळणाचा.

"उंदीरखाऊ?" चिसांगाने हाक मारली.

तो हाताने दगड चाचपडत पुढे सरकला.

"ए शोंगा! येसाया!"

"नावाने हाक मारतोयस," अंधारातून आवाज आला. "म्हणजे मी मेलोय वाटतं."

मेला नव्हता, पण डाव्या पायावर गुडघ्याखाली गाईएवढा धोंडा बसला होता. चिसांगाने आणि मुडेंडाबाबाने मोडक्या खांबांची पहार करून तो उचलायचा प्रयत्न केला. धोंडा केसभर उठायचा आणि परत बसायचा, आणि तो बसला की शोंगा दात खाऊन चर्चचं गाणं म्हणायचा. सहा वेळा केलं. सातव्या वेळी लाकूड मोडलं.

त्याहून वाईट पाणी. कुठूनतरी झिरपून जमिनीवर साचत होतं, अगदी सावकाश. चिसांगाने एका खांबावर खडूने रेघा मारल्या. पहिल्या दिवशी पाणी घोट्याखाली होतं. उभ्या माणसाला घोट्याएवढ्या पाण्याचं काय होतंय? पण शोंगा आडवा होता, आणि पाय अडकलेला असल्यामुळे त्याला कोपरावर टेकण्यापलीकडे उठता येत नव्हतं. त्याच्या डोक्याखाली त्यांनी आधी जेवणाचे डबे ठेवले, मग डब्यांवर बूट. चिसांगाने मनाशी हिशेब केला आणि तो कुणाला सांगितला नाही. आणखी दीड दिवस, फार तर दोन. गाडी उचलायचा एक जॅक असता तर हे काम त्याने अर्ध्या तासात केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुडेंडाबाबाच्या घड्याळात दहा वाजले तेव्हा छतातून भोक पाडायच्या यंत्राचं टोक बाहेर आलं. तिघांनी ठोकलेले पाइपाचे ठोके वर ऐकू गेले होते. वीतभर रुंदीचं भोक, वर थेट जमिनीपर्यंत. त्यातून दोरीला बांधलेली बाटली आली. बाटलीत पेन्सिल, कागद आणि इंग्रजीतली चिठ्ठी: किती जण जिवंत आहेत? कोण जखमी आहे? काय हवं आहे?

आता इथे साधं माणूस काय लिहील? पण गोष्ट अशी होती की त्या सकाळपासून शोंगाने एकही शिवी दिली नव्हती. चिसांगाने तीन वेळा त्याच्या आजीचा उद्धार केला, एका शब्दाने उत्तर नाही. डोळे मिटून नुसता पडून होता. पाण्यापेक्षा चिसांगाला त्याची भीती वाटली. म्हणून तो कागद घेऊन शोंगाच्या कानापाशी बसला आणि मोठ्याने म्हणत म्हणत लिहायला लागला.

"माननीय साहेब. आम्ही खाली दोन माणसं आणि एक उंदीर आहोत. माणसं ठणठणीत. उंदराची शेपटी धोंड्याखाली अडकली आहे. उंदीर पाण्यात बुडण्याआधी लॉरीचा लहान जॅक पाठवावा. जॅक नक्की भोकातून येतो. आपले आज्ञाधारक, लुका चिसांगा व मुडेंडा."

शोंगाचा एक डोळा उघडला. "शेपटी?" तो म्हणाला. "शेपटी तुम्हाला असते, झाडावर लोंबकळायला." आणि तो हसला. हसता हसता कळ आली, मग ओरडला, मग परत हसला. चिसांगाला बरं वाटलं.

"साहेबाच्या भाषेत चेष्टा करू नये," मुडेंडाबाबा म्हणाला.

"अहो बाबा, चिठ्ठी वाचणार आपला म्वाबा! फोरमन! पक्का बेम्बा! वाचून पोट धरून हसेल आणि जॅक घेऊन नाचत येईल."

गेली की चिठ्ठी वर. म्वाबा मात्र तेव्हा बाजूच्या बोगद्यातून माणसं घेऊन वाट मोकळी करत होता. चिठ्ठी पडली हॅल्वर्सनसाहेबाच्या हातात. हा इंजिनिअर कुठल्याशा थंड देशातून आलेला, आमच्यात येऊन त्याला अकरा दिवस झाले होते. माणूस भला, पण अकरा दिवसांत त्याला न्शिमा हाताने खाता येत नव्हती, तिथे आमची थट्टा कुठली कळायला? त्याच्याजवळ तीन नावांची यादी होती. चिठ्ठीत दोन नावं होती. त्याने टोपी काढली आणि तिसऱ्या नावावर रेघ मारली.

तासाभराने बाटली परत खाली आली. दोन बिस्किटांचे पुडे, ग्लुकोजच्या दोन पुड्या, दोन मेणबत्त्या. आणि चिठ्ठी. चिसांगाने मेणबत्तीपाशी धरून ती वाचली. "चिसांगा आणि मुडेंडा, तुम्ही जिवंत आहात याचा आनंद वाटतो. शोंगा गेल्याचं दुःख आहे. त्याच्या पत्नीला कळवलं आहे. उंदराजवळ जाऊ नका, चावेल. त्याच्यासाठी जॅक पाठवता येणार नाही. धीर धरा."

चिसांगा खालीच बसला, पाण्यात.

"काय म्हणतायत?" शोंगाने विचारलं.

"तू मेलास," मुडेंडाबाबा म्हणाला.

शोंगाने जरा विचार केला. "ह्या माकडाने मला मारलं?"

"हो."

"मग आता हाच मला जिवंत करेल. लिही रे. मी सांगतो तसं लिही. लिही, शोंगा माणूस आहे."

चिसांगाने पेन्सिल कागदावर टेकवली. उचलली. परत टेकवली. खरंच सांगतो, त्या माणसाच्या हाताला घाम सुटला. दुसरा कुठलाही न्गोनी असता तरी एवढं जड गेलं नसतं.

"शोंगा जिवंत आहे, असं लिहिलं तर नाही चालणार?" त्याने विचारून बघितलं.

"अजिबात नाही. जिवंत तर उंदीरही असतो. माणूस लिही."

शेवटी त्याने लिहिलं. "साहेब, शोंगा माणूस आहे. उंदीर म्हटलं ती माझी चेष्टा. तो जिवंत आहे, पाय धोंड्याखाली आहे, पाणी चढतंय. देवाची शपथ, जॅक पाठवा. लुका चिसांगा." शोंगाने ती परत परत वाचायला लावली. तिसऱ्यांदा तर तो तोंडावर हात ठेवून ऐकत होता.

उत्तर आलं त्यात जॅक नव्हताच. औषधाच्या गोळ्या होत्या आणि प्रश्न होते. आज वार कोणता? तुमच्या आईचं नाव काय? जो आधी उंदीर होता आणि आता माणूस झाला, तो तुमच्याशी बोलतो का? शेवटी साहेबाने लिहिलं होतं की खराब हवेने भास होतात, घाबरू नका, तुमच्या पत्नीला तुमच्याशी बोलायला आणतो आहोत.

"वेड्यात काढलं मला!" चिसांगा ओरडला.

"साहेब हुशार आहे," शोंगा म्हणाला. पण त्याचा आवाज आता बारीक झाला होता. पाणी कानाला लागलं होतं. मुडेंडाबाबाने आपलेही बूट काढून त्याच्या डोक्याखाली सारले आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला. खडूची शेवटची रेघ बुडून गेली होती.

दुपारी भोकातून आवाज आला. पाइपातून बोलल्यासारखा लांबून, पण स्पष्ट.

"कसुबाच्या बापा! उंदराशी गप्पा मारतोस म्हणे? घरी माझ्याशी बोलायला तुला सवड नसते ती!"

चिसांगा भोकाखाली धावला. "अगं ए! उंदीर म्हणजे शोंगा! आपला उंदीरखाऊ! जिवंत आहे तो!"

मग कसुबाच्या आईचं हसणं भोकातून धबाधबा खाली आलं. "अरे देवा! अरे माझ्या देवा! मी आत्ता त्याच्याच अंगणातून येतेय. आपली माणसं सकाळपासून फावडी घेऊन बसलीत. खड्डा खणून झाला की रे त्याचा!"

"तू साहेबाला सांग! जॅक!"

तिने सांगितलं. साहेब मान हलवत राहिला. बाईचा नवरा वेडा, आता बाईही हसतेय. शेजारीच मालिया उभी होती, डोक्याला काळा रुमाल बांधून, नवऱ्याचं शरीर कधी मिळेल विचारायला आलेली. साहेबाने दुभाष्याकरवी तिलाच विचारलं, तुमचा काय विश्वास आहे?

आणि मालियाने मान हलवली. बिचारीचं काय चुकलं? सकाळपासून तिच्या अंगणात वीस बेम्बा गोंधळ घालत होते. शोंगा मेला नाही, बिळात शिरलाय. शोंगा येईल, खारे दाणे दाखवा. एकाने तर त्याची चर्चची टोपी घालून चौकात प्रवचन केलं होतं. सोयऱ्यांनी करायचंच असतं ते, त्यात काही वावगं नव्हतं. पण बेम्बाने मयताच्या घरी सांगितलेलं 'तो जिवंत आहे' कुणी खरं मानतं होय?

कसुबाच्या आईने तिचे हात धरले. "मालिया, खरं सांगतेय मी."

"पुरे कर गं आता," मालिया म्हणाली. "सकाळपासून हसले मी. आता नाही हसवत." आणि तिने खाली वाकून भोकाला तोंड लावलं. "लुका," ती म्हणाली. तिने त्याला आजवर माकडाशिवाय हाक मारली नव्हती. "लुका, आज माझी थट्टा करू नकोस."

चिसांगा टाचा उंचावून भोकाखाली उभा राहिला. "वहिनी, मी थट्टा करत नाही. तुम्ही काहीही विचारा त्याला. मी जाऊन विचारून येतो. त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसेल असं विचारा."

मग मालियाचा आवाज आला, हळू. "निळ्या डब्यात काय आहे ते विचार."

चिसांगा पाणी तुडवत वळणापलीकडे गेला. शोंगाचं तोंड तेवढं वर होतं. "येसाया, निळ्या डब्यात काय आहे?"

शोंगाने डोळे मोठे केले. "तिने विचारलं?"

"तिनेच. बोल लवकर."

"नाही सांगणार."

"बुडशील!"

"बुडेन. पण तुला नाही सांगणार."

चिसांगाने त्याच्याकडे बघितलं, आणि आठ वर्षांचं मीठ एकदम त्याच्या डोक्यात उतरलं. त्याला सगळं कळलं. पण कळून उपयोग नव्हता. डब्यात किती, कुठून आले, कुठे ठेवले, हे त्याला कुठे माहीत होतं? तो गुडघ्यांवर बसला.

"हे बघ," तो म्हणाला. "काल तू मला ढकललं नसतंस तर ह्या धोंड्याखाली मी असतो. सगळाच्या सगळा. मी त्यावर एक अक्षर बोललो नाही, कारण आपल्यात ते बोलायची पद्धत नाही. आता बोलतो. मला तू हवा आहेस, कळलं? मी उद्या कुणाला शिव्या देऊ?" आणि तो रडायला लागला, मोठ्याने, त्याच्या नेहमीच्या आवाजात. बोगदा दणाणला.

"गप," शोंगा म्हणाला. "पाणी वाढवू नकोस. शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

"घेतो."

"खोटारडा."

"हो."

शोंगाने डोळे मिटले आणि सांगितलं. कबुली देताना पाद्र्यासमोर मान घालतात तशी त्याला घालता येत नव्हती, एवढंच. मुडेंडाबाबाने ऐकलं आणि तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते.

चिसांगा भोकाखाली आला. वर तोपर्यंत सगळी वसाहत जमली होती, पाद्रीसुद्धा. चिसांगाने छाती भरून घेतली. तो हळू बोलू शकला असता. पण खरं सांगायचं तर त्याला हळू बोलता यायचंच नाही.

"उंदीर! वाळवलेले उंदीर! सात काड्या! पूर्वेकडच्या चिपाटाहून त्याच्या भावाने ईस्टरला पाठवलेले! चर्चच्या पुस्तकांच्या मागे ठेवलेत! रविवारी प्रार्थना झाली की दार लावून दोघं खातात!"

म्हणतात की मालियाची किंकाळी बसथांब्यापर्यंत ऐकू गेली. "जिवंत आहे! माझा नवरा जिवंत आहे!" मग तिने हॅल्वर्सनसाहेबाचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत असं काही सांगितलं की ते त्याला बरोब्बर कळलं. पंधरा मिनिटांत लॉरीचा जॅक ग्रीस लावून भोकातून खाली आला.

पुढचं काम चिसांगाचं होतं, आणि कामात तो थट्टा करत नसे. जॅक धोंड्याच्या कडेखाली, एक पिळा, लगेच लाकडाचा तुकडा आत. आणखी एक पिळा, आणखी एक तुकडा. चार बोटं उचलला तेव्हा मुडेंडाबाबाने शोंगाला काखेत धरून ओढलं. पाय नडगीत दोन ठिकाणी मोडला होता. त्यांनी उरलेल्या खांबांचा माच बांधून त्याला पाण्यावर निजवलं. पुढच्या बाटलीबरोबर तीन पुडे बिस्किटं आली. शोंगाने आपला पुडा आधी मोजून घेतला.

दीड दिवसाने म्वाबाची माणसं बाजूने सरपटत आत आली. वाट इतकी अरुंद की शोंगाला फळीला बांधून, पुढून ओढत आणि मागून चिसांगाने ढकलत न्यावं लागलं. मध्ये एकदा फळी अडकली, वरून खडे पडायला लागले. पुढचे ओरडले, फळी सोडा, तुम्ही निघा. चिसांगाने डोकं फळीला लावलं आणि बैलासारखा रेटा दिला. "बाजूला व्हा रे," तो आतून बोंबलला, "ह्याने अजून सात काड्या खायच्या बाकी ठेवल्यात!" बाहेर उन्हात आल्यावर म्वाबाने यादीवर खुणा केल्या आणि मोठ्याने म्हणाला, "दोन माणसं आणि एक उंदीर." सगळे हसले. साहेबही हसला, पण जरा उशिरा.

मयताच्या जेवणाचं सामान आणलेलंच होतं, ते सगळ्यांनी मिळून संपवलं. शोंगाचा खड्डा तसाच होता. "माझ्या लोकांनी घाम गाळलाय, वाया घालवू नकोस," असं चिसांगा त्याला दवाखान्यात रोज जाऊन सांगायचा. शेवटी त्या खड्ड्यात केळ लावली. आणि पाद्र्याचं विचाराल, तर पाद्री शोंगाच्या घरी समज द्यायला गेला, दार लावून तासभर बसला आणि बाहेर आला तेव्हा दात कोरत होता. तोही मूळचा पूर्वेकडचाच.

साहेब दोन वर्षांनी देशी परत गेला. जाण्याआधी तो शोंगाकडे आला आणि त्याने ती दुसरी चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली. शोंगाने ती निळ्या डब्यात ठेवली. ती चोरून फाडून टाकणं हा मग चिसांगाचा उरलेल्या आयुष्याचा उद्योग झाला. कसुबाची आई परत मीठ मागायला लागली. लग्न असो, बारसं असो, गर्दी जमली की शोंगा लंगडत मधे यायचा, घसा खाकरायचा आणि वाचायचा, "शोंगा माणूस आहे. सही, लुका चिसांगा." चिसांगा म्हणायचा, "खोटं आहे! भास झाला होता मला! खराब हवा!" एकोणीस वर्षं हे चाललं.

मग चिसांगाची छाती थकली. खाणीची धूळ, दुसरं काय. शेवटच्या आठवड्यात शोंगा रोज त्याच्या उशाशी बसून त्याच्या मामांच्या माकडकथा सांगायचा. गुरुवारी चिसांगाने उत्तर दिलं नाही. शोंगाने दोनदा हाक मारली, माकडखाऊ म्हणून. मग एकदा नावाने मारली.

खड्डा न्गोनींनीच खणला. शोंगाचं वय झालेलं, पाय अधू, तरी पहिलं फावडं त्याचं. पेटी आणली तेव्हा तो खड्ड्यात उतरून आडवा झाला आणि निघेना. "माकडाला जमिनीत कशाला पुरताय?" तो आतून ओरडत होता. "झाडावर बांधा! मामाची मंडळी वाट बघतायत!" कसुबाची आई रडता रडता एवढी हसली की तिला धरून बसवावं लागलं. त्याने चिसांगाची चाल करून दाखवली, बाकदार पाय, पुढे काढलेली छाती, सगळं. मग त्याने खिशातून तो कागद काढला. घड्यांवर झिरझिरीत झालेला.

"ऐका," तो म्हणाला. "माकडाने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. शोंगा माणूस आहे. सही, लुका चिसांगा." आणि सवयीने तो थांबला. भास झाला होता, खराब हवा, असं कुणी म्हणालं नाही. मग त्याने मुडेंडाबाबाकडे पेन्सिल मागितली, टोक जिभेला लावलं, आणि गुडघ्यावर कागद ठेवून खाली काहीतरी लिहिलं. ते लिहायला त्याला इतका वेळ लागला, की जणू त्याचाही हात घामेजला होता. पेटीचं झाकण किंचित उचलून कागद त्याने आत सरकवला आणि फावडं हातात घेतलं.

काय लिहिलं ते फक्त मुडेंडाबाबाने पाहिलं, आणि त्याने ते मला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. खाली एवढंच होतं: 'चिसांगासुद्धा. सही, येसाया शोंगा.'